मावशी, वहिनी, ताई आणि माझा बारा मिनिटांचा एपिसोड

माझी एक मैत्रीण ऑडिओ सिरीज करते, दर पंधरवड्याला एक विषय, दहा-बारा मिनिटं. तिने विचारलं, रेडिओ नवानवा होता तेव्हा त्यात काम करणाऱ्या बायकांवर एक भाग करतेस का, तू वाचत असतेस ना असलं काहीबाही. मी म्हटलं करते की, त्यात काय, आठ दिवसांत देते. त्याला आता चार महिने होऊन गेले आणि एपिसोड गेल्या आठवड्यात एकदाचा गेला. मधे काय काय झालं ते इथे लिहून ठेवतेय, कारण जे बारा मिनिटांत बसलं नाही तेच मला जास्त आवडलंय.

पहिला ड्राफ्ट एका रविवारी बसून लिहून काढला. पहिली निवेदिका, पहिली वृत्तनिवेदिका, पहिली स्टेशन मॅनेजर, पहिली अमुक आणि पहिली तमुक. दुसऱ्या दिवशी वाचला तर स्पर्धा परीक्षेचं गाइड वाचल्यासारखं वाटलं. शिवाय त्या 'पहिली'ला काही तळच लागेना. शीला बोरेटचं बघा. १९३३च्या जुलैमध्ये बीबीसीच्या राष्ट्रीय सेवेवर निवेदन करणारी पहिली बाई म्हणून सगळीकडे तिचं नाव येतं. पण बीबीसी तर १९२२ पासून चालू होती, मग ही अकरा वर्षं काय नुसते पुरुषच बोलत होते? तर नाही, बायका होत्या की. मुलांच्या कार्यक्रमात होत्या, फक्त तिथे त्या निवेदिका नव्हत्या, आंटी होत्या. आंटी सोफी म्हणून जी होती ती मुळात पियानो वाजवणारी बाई, पण मुलांसमोर आली की आंटी. (पुरुषही तिथे अंकल असायचे हे खरं, पण अंकल लोकांना संध्याकाळी बाकीचा रेडिओही मोकळा होता.)

हे वाचलं आणि डोक्यात काहीतरी खटकलं, तोवर मला आंट सॅमी भेटली. तिच्यावर मी अख्खे दोन आठवडे घालवले, खोटं कशाला बोलू. अमेरिकेच्या शेती खात्याने १९२६च्या ऑक्टोबरमध्ये गृहिणींसाठी एक कार्यक्रम काढला, त्यात बोलणारी बाई म्हणजे आंट सॅमी, अंकल सॅमच्या (म्हणजे अमेरिकन सरकारच्या टोपणनावाच्या) घरातली. स्वयंपाक, डाग कसे काढायचे, शिवण, मधेच थोडी थट्टा. पण ही बाई अस्तित्वातच नव्हती. स्क्रिप्ट वॉशिंग्टनमध्ये लिहिली जायची, तिथून टपालाने पन्नासेक स्टेशनांना जायची आणि प्रत्येक ठिकाणी तिथली एखादी बाई ती वाचायची. म्हणजे एकाच वेळी देशभरात पन्नास आंट सॅमी, पन्नास वेगवेगळे आवाज, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला वाटणार की आपली आंट सॅमी तीच खरी. लोकांनी पाककृती इतक्या मागवल्या की १९२७ला त्यांचं पुस्तक काढावं लागलं. पुस्तकावर नाव कुणाचं तर आंट सॅमीचं. त्या पन्नासजणींची नावं मला काही सापडली नाहीत. नोकरी बाईची, आवाज बाईचा, नाव मात्र एका काल्पनिक मावशीचं.

मग एकदा तो चष्मा चढल्यावर सगळीकडे तेच दिसायला लागलं. आपल्याकडचंच घ्या ना. आकाशवाणी मुंबईवरची 'प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिका ज्यांनी ऐकलीय त्यांना मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी बरोब्बर आठवतात, पण मीनावहिनी म्हणजे तिचं काम करणाऱ्या नीलम प्रभू हे सांगायला थोडं थांबावं लागतं. लीलावती भागवतांचं बायकांसाठीचं वनिता मंडळ, मुलांचे कार्यक्रम, तिथेही घरातलीच कुणीतरी आपल्याशी बोलतेय असा सूर. यात मला त्यांना कमी लेखायचं नाहीये, उलट हे किती अवघड काम असणार, समोर माणूस नाही, फक्त माइक, आणि दुपारी कामं आवरून बसलेल्या बाईला वाटायला हवं की ही माझ्याशीच बोलतेय. मला फक्त एवढं दिसलं की रेडिओच्या घरात बाईला यायचं तर कुणाचीतरी मावशी, वहिनी, ताई होऊन येणं सोपं होतं. बातम्या वाचायला, म्हणजे 'असं असं घडलं आहे' एवढं कोरडं सांगायला यायचं म्हटलं की मग कुरबूर सुरू.

तर 'पहिली'वाला ड्राफ्ट फेकला आणि या सुताला धरून नवीन लिहिला. मैत्रीण म्हणाली छान आहे, आता रेकॉर्ड कर.

रेकॉर्डिंग म्हणजे कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बसायचं, कारण तिथे आवाज घुमत नाही. पहिला टेक बावीस मिनिटांचा झाला आणि ऐकून मलाच झोप आली. निबंध. शाळेत उभं राहून वाचून दाखवतात तसा. 'तथापि' असा शब्द मी तोंडाने उच्चारला होता, 'तथापि'! आयुष्यात कधी बोलले नसेन.

इथे हिल्डा मॅथेसन कामी आली. ही बाई माझ्या स्क्रिप्टमध्ये होतीच, पण नुसती माहिती म्हणून. पहिल्या महायुद्धात गुप्तहेर खात्यात काम केलेली, नंतर ब्रिटनच्या संसदेतल्या नॅन्सी अ‍ॅस्टरची राजकीय सचिव, आणि १९२६मध्ये बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी तिला बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी ती टॉक्स, म्हणजे भाषणांच्या विभागाची डायरेक्टर. तेव्हा मोठमोठे लेखक, प्राध्यापक, पुढारी रेडिओवर यायचे आणि भाषण ठोकायचे नाहीतर लेख वाचायचे. तिने ओळखलं की रेडिओचा श्रोता म्हणजे सभा नव्हे, तो घरात बसलेला एकटा माणूस, त्याच्याशी बोलल्यासारखं बोलायला हवं, आणि ते आपोआप येत नाही, लिहितानाच तसं लिहावं लागतं आणि माइकसमोर तालीम करावी लागते. भल्याभल्यांना तिने तालमी करायला लावल्या. आज रेडिओवर, पॉडकास्टवर जे गप्पा मारल्यासारखं बोलणं आपल्याला नैसर्गिक वाटतं त्याच्यामागे अशी घासूनपुसून केलेली मेहनत आहे आणि त्या मेहनतीत या बाईचा वाटा मोठा आहे. ती स्वतः माइकवर गाजली नाही. रीथशी मतभेद वाढत गेले, कार्यक्रमात काय चालेल आणि काय नाही यावरून, आणि १९३१ला तिने राजीनामा दिला.

तर मी काय केलं, दादाला समोर बसवलं. माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याला या विषयात काडीचा रस नाही, म्हणजे श्रोता म्हणून एकदम योग्य. कागद बाजूला ठेवून त्याला सांगायला लागले आणि तो जिथे जिथे मोबाइलकडे बघायचा तिथे तिथे खूण केली. आंट सॅमीला तो हसला, हिल्डाला त्याने 'हं' केलं, आणि अमेरिकेतल्या ज्युडिथ वॉलरला तो चक्क सरसावून बसला. वॉलरची गोष्ट आहेच तशी. १९२२ साल, शिकागोतल्या एका वर्तमानपत्राने रेडिओ स्टेशन घेतलं आणि हिला सांगितलं, ये आणि चालव. ती म्हणाली मला रेडिओ स्टेशनमधलं काही कळत नाही, तर समोरचा म्हणाला मलाही कळत नाही. झाली मॅनेजर. दादा म्हणाला, म्हणजे धंदा चालेल की नाही हे माहीत नव्हतं म्हणून बाईला दिला. मी त्याला म्हटलं अरे ती चांगली काम करणारी होती, नाहीतर तिलाच कशाला विचारलं असतं. पण त्याचं म्हणणं मला पूर्ण उडवून लावता आलं नाही. जिथे कुणालाच काही माहीत नसतं तिथे अनुभवाची अट घालता येत नाही, आणि ती अट नसली की बायका आत येतात. पुढे पैसा आला, पदं आली, नियम आले. बीबीसीने १९३२मध्ये विवाहित बायकांना नोकरीत घेण्यावर बंदी घातली, अपवाद ठेवून, आणि ती १९४४पर्यंत चालली. म्हणजे संस्था दहा वर्षांची झाली आणि मग हा नियम आला, आधी नव्हता. हे मला फार विचित्र वाटलं, आपण समजतो की जुनं ते जास्त कडक आणि पुढे पुढे सैल होत जातं, इथे उलटं.

दादाने ज्याला ज्याला 'हं' केलं ते सगळं कापलं. हिल्डा मात्र ठेवली, तिच्यामुळेच तर कापायला शिकले.

नवीन रेकॉर्डिंग पाठवलं. मैत्रिणीचा निरोप आला, मजकूर मस्तच, फक्त आवाज थोडा टोचतोय गं, दोन सेमीटोन (म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्या) खाली घेतेस का? तिच्या मनात काही वाईट नव्हतं आणि मीही विचार न करता सॉफ्टवेअरमध्ये पिच खाली ओढला. ऐकायला खरंच बरं वाटलं. सेव्ह केलं. आणि मग रात्री बोरेटबद्दलचा भाग परत ऐकताना लक्षात आलं की मी नेमकं काय केलंय.

बोरेटला तीनेक महिन्यांत माइकवरून काढलं. निवेदन करता करता तिने बातम्याही वाचल्या होत्या. पत्रांचा पाऊस पडला, तक्रारी करणाऱ्यांत बायकाही भरपूर होत्या, आणि एक मुद्दा असा की ही लग्न झालेली, हिने पुरुषाची नोकरी कशाला अडवायची, बेकारीचा काळ होता तो. पण या सगळ्याच्या खाली एक जुना आक्षेप होताच, जो १९२०च्या दशकापासून अमेरिकेतही चालू होता: बाईचा आवाज रेडिओला चालत नाही. चिरका येतो, स्पष्ट येत नाही. आणि गंमत म्हणजे हे सगळंच खोटं नव्हतं. तेव्हाच्या यंत्रांवर काही बायकांचा आवाज खरंच वाईट येत असणार. प्रश्न असा की दोष कुणाचा.

म्हणून मी तो प्रयोग केला, ज्यात तीन आठवडे गेले आणि ज्याला एपिसोडमध्ये फक्त चाळीस सेकंद मिळाली. तत्त्व साधं आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं), बाईचा १६५ ते २५५ च्या आसपास. पण शब्द कळतात ते नुसत्या मूळ स्वरावर नाही, स, श, च, फ असल्या व्यंजनांवर, आणि त्यांचा सुसकारा खूप वर असतो, 'स'चा तर चार-पाच हजारांच्या पुढे, बायकांचा आणखी वर. जुन्या अमेरिकन रेडिओवर स्टेशनं एकमेकांत घुसू नयेत म्हणून दोन स्टेशनांत दहा हजार हर्ट्झचं अंतर ठेवलं, त्यामुळे प्रत्यक्ष आवाजाला पाच हजारापर्यंतच जागा. त्यात घरातला स्पीकर साधा. म्हणजे वरचं टोक सगळं छाटलेलं.

मी दादाचा आणि माझा एकच परिच्छेद रेकॉर्ड केला, त्याने 'मला परत यात ओढू नकोस' अशी धमकी देऊन. दोन्ही फाइलींना पाच हजारांवर लो पास फिल्टर लावला, म्हणजे त्याच्या वरचं सगळं कापलं. खरं सांगू, फारसा फरक नाही पडला. मी जरा हिरमुसले, कारण मला भारी काहीतरी सापडायला हवं होतं. मग जुन्या टेलिफोनसारखं करून बघितलं, खाली ३०० आणि वर ३४००. आता दोघांचाही आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, पण दादाचं बोलणं कळत होतं आणि माझं मधेच निसटत होतं. परिच्छेदात एक वाक्य होतं, 'आता दार सोडा.' दादाचं 'सोडा' ऐकू आलं. माझं घरातल्या दोघांना ऐकवलं तर दोघांनी 'आता दार फोडा' असं सांगितलं. 'स'चा सुसकारा गेला की तो 'फ'सारखा वाटतो, एवढंच. यावर मी दोन दिवस हसत होते. तपासणीला माणसं दोनच, हे मान्य, याला शास्त्र म्हणू नका.

पण ज्यांनी शास्त्र केलं त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हसू गेलं. बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले जे. सी. स्टाइनबर्ग, १९२७. बायकांचं बोलणं कमी का कळतं याचा त्यांनी अभ्यास केला, आणि वरच्या फ्रीक्वेन्सी छाटल्या की बायकांची व्यंजनं जास्त मार खातात हे त्यांना दिसलंही. म्हणजे उत्तर हातात होतं. तरी लेखाचा सूर असा लागतो की बाईचा आवाज निसर्गतः मऊ, हळुवार बोलण्यासाठीच आहे. छाटणारी कात्री समोर पडलेली आणि दोष कापडाचा.

आणि मी काय केलं होतं, माझ्याकडे तर वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळं नीट पकडणारा माइक होता, तरी दोन सेमीटोन खाली. नंतर कळलं की टोचत होतं ते मी माइकच्या फार जवळ तोंड आणून बोलत होते म्हणून, स आणि श फटाक्यासारखे फुटत होते. माइक वीतभर लांब आणि जरा तिरका केला, झालं. पिच परत जागेवर नेला. मैत्रिणीला सांगितलं नाही, ती म्हणाली आता कसा छान खाली आलाय.

शेवटच्या टप्प्यात भांडण झालं ते उषा मेहता आणि सईदा बानो यांच्यावरून. मिनिटं उरली होती दोन, गोष्टी दोन, आणि दोन्ही आपल्या. मैत्रीण म्हणाली एकच ठेव. सईदा बानो लखनौ रेडिओवर १९३८पासून मुलांचे आणि बायकांचे कार्यक्रम करायच्या. (बघा, परत तेच.) नवऱ्यापासून वेगळ्या होऊन धाकट्या मुलाला घेऊन दिल्लीला आल्या आणि १३ ऑगस्ट १९४७ला सकाळी त्यांनी ऑल इंडिया रेडिओवर उर्दू बातमीपत्र वाचलं. स्वातंत्र्याला दोन दिवस बाकी, फाळणीची होरपळ चाललेली, आणि बातम्या वाचतेय एक एकटी आई. याच्या तेरा वर्षांनंतर, १९६०मध्ये, बीबीसी टेलिव्हिजनने नॅन विंटनला राष्ट्रीय बातम्यांना बसवलं आणि काही महिन्यांत उठवलं, प्रेक्षकांना चालत नाही म्हणून. हे दोन्ही एकापाठोपाठ ठेवलं की काही बोलावंच लागत नाही, म्हणून मला सईदा बानो हव्या होत्या.

आणि उषा मेहता तर सोडणं शक्यच नव्हतं. १९४२, ऑगस्ट, पुढारी सगळे तुरुंगात, आणि बावीस वर्षांची मुलगी साथीदारांना घेऊन मुंबईत चोरून रेडिओ चालवते. घोषणा अशी: काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरच्या लहरींवर, हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून. पोलीस माग काढत असायचे म्हणून जागा सारखी बदलायची. १२ नोव्हेंबरला पकडले गेले तेव्हा 'वंदे मातरम्'ची रेकॉर्ड चालू होती आणि ती थांबवायला यांनी नकार दिला. पुढे त्या येरवड्याच्या तुरुंगात, १९४६ला सुटल्या. माझ्या धाग्यात ही गोष्ट कुठेच बसत नव्हती, ना मावशी ना वहिनी ना ताई, आवाज चालतो का असं कुणाला विचारायचाही प्रश्न नव्हता. तक्रारीचं पत्र पाठवायचं तरी कुठे, पत्ताच नव्हता.

शेवटी हिल्डाच्या भागातली वीस सेकंद काढली, माझं प्रयोगाचं कौतुक दीड मिनिटावरून चाळीस सेकंदांवर आणलं, 'वूमन्स अवर' या बीबीसीच्या बायकांच्या कार्यक्रमाचा १९४६मधला पहिला निवेदक अ‍ॅलन आयव्हिमी नावाचा पुरुष होता हा माझा लाडका विनोद काढला (इथे तरी सांगून घेते), आणि दोघीही बसवल्या. बारा मिनिटं नऊ सेकंद.

एक गोष्ट राहिली होती. सिरीजच्या सुरुवातीला मैत्रीण पाहुण्यांची ओळख करून देते, तिने माझी करून दिली होती 'आज आपल्याशी गप्पा मारायला आल्यात आपल्या सगळ्यांच्या लाडक्या ताई'. ती ऐकल्यावर मी फोन केला आणि म्हटलं, अगं, तू एपिसोड ऐकलास ना? ती दोन मिनिटं गप्प आणि मग जे हसत सुटली. नवीन ओळख केली, नुसतं नाव आणि विषय. थोडी कोरडी वाटते खरी.

सकाळी सातला एपिसोड गेला. सव्वासातला पहिला मेसेज आला: ताई, मस्त झालाय, आवाज किती गोड आहे तुमचा.